हेर शेंडे यांची बिनविरोध माघार

निवडणूक कशी जिंकायची हे शेंड्यांना कुणी शिकवू नये! माझे काका वाईत आमच्या आळीच्या गणेश मंडळाचे सलग अकरा वर्षं अध्यक्ष होते. मामा हाउसिंग सोसायटीचे चेअरमन. मी स्वतः इंजिनिअरिंग कॉलेजात वर्गप्रतिनिधी होतो, तेही कुणी न निवडता! तेव्हा जर्मनीत, कार्ल्सरूहेतल्या एका प्राथमिक शाळेत तिसरी 'ब'चा पालक प्रतिनिधी होणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. असं मी गेल्या सप्टेंबरात बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

"तू?" शमिकानं लॅपटॉपवरची नजरही हलवली नाही. "तुझं आपल्या डिशवॉशरपुढे चालत नाही."

आता इथली पद्धत सांगतो. प्रत्येक वर्गाचे पालक आपल्यातला एक जण निवडतात. तो एल्टर्नबायराट नावाच्या पालक मंडळावर जातो आणि शाळेच्या अडचणी थेट मुख्याध्यापिकेपुढे मांडतो. मला काही खुर्चीचा मोह नव्हता हो. मला हवी होती खोली! शाळेतली एक रिकामी खोली, शुक्रवारी दुपारी दीड तास, मराठीच्या वर्गासाठी. मुख्याध्यापिकेला मी एक मेल केली होती. त्यावर चार ओळींचं सभ्य उत्तर आलं, की अशा मागण्या पालक मंडळामार्फत याव्यात.

आणि मराठीचा वर्ग कशासाठी, तर उर्जासाठी. उर्जा आमची लेक. आठ वर्षांची. मराठी सगळं समजतं, अगदी आम्ही दुसऱ्या खोलीत कुजबुजलो तरी समजतं. पण उत्तर जर्मनमध्ये!

"उर्जा, भूक लागली का गं?"

"नाइन." म्हणजे नाही.

"दात घासलेस?"

"श्पेटर!" म्हणजे नंतर.

चिडते जर्मनमध्ये, मोजते जर्मनमध्ये, झोपेत बडबडते तेही जर्मनमध्ये. आमच्या घरात मी मराठी बोलतो तेव्हा मला कधीकधी वाटतं, आपण रेडिओ आहोत. चालू असतो, कुणाची तक्रार नसते, पण उलट कुणी बोलत नाही.

रविवारी वाईला आईचा व्हिडिओ कॉल. आई शहात्तर वर्षांची. गुडघ्यांनी दगा दिला, त्यामुळे आता विमानाचं नाव काढायला नको. तिच्याकडे दुपारचे साडेतीन वाजले की आमचा फोन लागतो, आणि ती तीनपासून धुतलेली साडी नेसून, पावडर लावून मोबाइलसमोर बसलेली असते.

"शाळेत काय काय केलंस गं बाळा?" आई विचारते.

"निक्स," उर्जा म्हणते. म्हणजे काही नाही.

"आई, ती म्हणते," मी लगेच पुढे सरसावतो, "शाळेत फार मजा आली, चित्रकलेचा तास झाला, गणिताच्या बाई खूश आहेत, आणि आजीची खूप आठवण येते!"

"एवढं सगळं एका शब्दात?"

"जर्मन भाषाच तशी आहे आई. ठासून भरलेली!"

हसलात ना? आई पण हसते. पण फोन ठेवायच्या आधी ती पडद्याच्या अगदी जवळ येते, इतकी जवळ की आम्हाला नुसतं कपाळ दिसतं, आणि उर्जाकडे बघत राहते. आईला आता पूर्वीसारखं ऐकू येत नाही, गोष्टी विसरायला लागली आहे. तिच्या पोतडीत केवढ्या गोष्टी आहेत! आजी-नातीनं एकदा पोटभर बोलावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी वर्ग, वर्गासाठी खोली, खोलीसाठी निवडणूक. साधा सरळ हिशेब!

प्रचारप्रमुख म्हणून मी दत्तात्रयला नेमलं. हा मूळचा बार्शीचा, इथल्या विद्यापीठात कसल्याशा धातूंवर पीएचडी करतो, आणि शनिवारी आमच्याकडे वरणभात खायला येतो. बार्शीत असताना त्यानं कॉलेजच्या तीन निवडणुका लढवल्या होत्या.

"किती जिंकलास?" शमिकानं विचारलं.

"वहिनी, अनुभव महत्त्वाचा!" दत्तात्रय म्हणाला. "नागेशदादा, मंत्र एकच. घरोघरी जायचं, मतदाराला त्याची अडचण विचारायची, आणि अडचण काहीही असो, 'झालं समजा' म्हणायचं."

"आणि नाही झालं तर?"

"दादा, निवडणुकीनंतर कोण विचारतं?"

मला हे पटलं. वाईत काकांनी अकरा वर्षं "पुढच्या वर्षी मांडव वॉटरप्रूफ" असं सांगत काढली होती. मी शमिकाला चकल्या करायला सांगितल्या. तिनं मला भाजणीचं पाकीट आणि सोऱ्या दाखवला. मग चकल्या मी केल्या, आणि दिसायला त्या चकल्या सोडून बाकी सगळ्यासारख्या झाल्या. त्या पिशव्यांत भरून आम्ही प्रचाराला निघालो.

पहिल्याच घरी घोटाळा! आपल्याकडे कसं, बेल वाजली की "कोण आहे, या या" होतं. इथे आगाऊ वेळ न घेता बेल वाजवणारा माणूस म्हणजे एकतर पोलीस किंवा आग लागली आहे असं सांगायला आलेला शेजारी. दार उघडणाऱ्या फ्राऊ लांगेचा, म्हणजे लांगेबाईंचा, चेहरा पांढरा पडला.

"काय झालं? लेऑनला काही झालं का?"

"नाही, नाही! मी उर्जाचा बाबा. शाळेबद्दल तुमच्या काही अडचणी?"

बाईनं आधी चकलीकडे पाहिलं, मग दत्तात्रयकडे, मग माझ्याकडे. आणि अहो, पाण्याचा नळ सुटावा तशी सुटली! "शाळेची संडासं! इतका वास, की माझा लेऑन सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत दाबून धरतो. घरी येतो तो दप्तर फेकून सरळ पळत सुटतो. आणि भिंती बघितल्यात? रंगाचे पोपडे पडलेत!"

"झालं समजा!" मी जर्मनमध्ये म्हणालो.

"खरंच?" तिनं खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं माझं नाव लिहिते आहे. किती कौतुक वाटलं!

तीन आठवड्यांत आम्ही एकोणीस घरं केली. हेर ब्रांट, म्हणजे आपले श्रीयुत ब्रांट, म्हणाले, सकाळी पालक फाटकापर्यंत गाड्या आणतात, एक दिवस पोराच्या पायावरून चाक जाईल, गाड्या बंद करा. मी म्हटलं, झालं समजा! फ्राऊ यिल्दिझ म्हणाली, मी नर्स आहे, सकाळची पाळी असते, मला फाटकापाशी दोन मिनिटं गाडी थांबवू द्या. झालं समजा! एकाला गृहपाठ जास्त हवा होता, त्याच्या वरच्या मजल्यावरच्याला तो अजिबात नको होता. दोघांना एकाच जिन्यात 'झालं समजा' सांगून आलो. शाळेच्या मेसमध्ये आठवड्यातून तीन दिवस नूडल्स असतात, गणिताच्या बाई आजारी पडल्या की तास बुडतो तो बुडतोच, व्यायामशाळेचं छत गळतं. सगळं झालं समजा! गणिताचे बुडलेले तास तर मी स्वतः घेईन म्हणालो. इंजिनिअर आहे, तिसरीचं गणित ते काय! आणि प्रत्येक घरी ती छोटी वही किंवा फ्रिजवरचा कागद निघायचा.

एकच काळजी होती. फ्राऊ वीडेमान! तिसरी 'ब'मधल्या पाउलची आई. वय पंचेचाळीसच्या पुढे, उंच, आखूड केस, बोलणं पट्टीनं आखल्यासारखं. आम्ही जिथे जावं तिथे ही आमच्या आधी हातात कागद घेऊन येऊन गेलेली!

"दादा, ही प्रतिस्पर्धी!" दत्तात्रय कुजबुजला. "हिचा प्रचार आपल्यापेक्षा पक्का आहे."

एके दिवशी ती आमच्याच दारात! तिनं कागद पुढे केला. "हेर शेंडे, शरदोत्सवाला तुम्ही कुठला केक आणणार? फ्राऊ लांगे सफरचंदाचा आणते आहे. तुमच्या नावापुढे रिकामं आहे."

केक! म्हणजे मतदारांना गोड खायला घालून फोडायचं! मी तिच्याकडे हसून पाहिलं, जसे आमचे काका विरोधी गटाच्या खजिनदाराकडे पाहायचे. "रव्याचा," मी म्हणालो. तिनं 'रव्या' असं लिहून घेतलं आणि गेली. शमिका म्हणाली, ती बिचारी खरंच केकचीच यादी करते आहे. पण बायकांना राजकारणातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. फक्त मनात!

निवडणुकीचा दिवस उगवला. संध्याकाळी साडेसातला तिसरी 'ब'च्या वर्गात पालकांची बैठक. उर्जाजवळ शमिका घरी थांबली. मी झब्बा घातला, वर ब्लेझर. भाषण तोंडपाठ होतं, नऊ मिनिटांचं. वर्गातल्या खुर्च्या आठ वर्षांच्या मुलांच्या मापाच्या, त्यामुळे आम्ही बावीस पालक गुडघे कानाशी घेऊन बसलो होतो.

वर्गशिक्षिका फ्राऊ सायफर्ट उभ्या राहिल्या. "आता पालक प्रतिनिधीची निवड. कोण तयार आहे?"

शांतता!

अशी शांतता मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. बावीसच्या बावीस जण आपापल्या बुटांकडे बघायला लागले. एकानं लेस सोडून परत बांधली. फ्राऊ लांगे पर्समध्ये इतकं खोल काहीतरी शोधत होती की मला वाटलं आता आत पडते. मला काही कळेना. ही निवडणूक आहे की दातांच्या डॉक्टरची वेटिंग रूम?

मग फ्राऊ सायफर्टची नजर माझ्यावर आली. "हेर शेंडे! तुम्ही इतक्या सगळ्यांच्या घरी जाऊन आलात असं ऐकलं. तुम्ही घ्याल का ही जबाबदारी?"

बावीस... म्हणजे मला सोडून एकवीस माना एकदम वर झाल्या. एकवीस चेहऱ्यांवर असा आनंद, जसा पाहुण्यांनी "आम्ही राहणार नाही, लगेच निघतोय" म्हटल्यावर यजमानांच्या चेहऱ्यावर येतो. सगळे माझ्याकडे आशेनं बघत होते. माझा ऊर भरून आला. परक्या देशात, परक्या भाषेत, एवढा मान! आणि त्या भरल्या उरानं मी तेच केलं जे आमच्या सात पिढ्या करत आल्या.

मी उठलो. छातीवर हात ठेवला. मान तिरकी केली. "नाही, नाही! मी कसला! माझी काय लायकी? इथे माझ्यापेक्षा अनुभवी, जाणती माणसं बसली आहेत. फ्राऊ वीडेमान आहेत. मला नको."

आता तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं? आपल्याकडे पहिला 'नको' हा 'नको' असतो का हो? पंगतीत पहिल्या 'नको'ला श्रीखंड परत नेणारा वाढपी तुम्ही पाहिलाय? काका दरवर्षी म्हणायचे, "ह्या खेपेला मला मोकळं करा." मंडळी म्हणायची, "तुमच्याशिवाय आहे कोण?" काका म्हणायचे, "तब्येत साथ देत नाही." मंडळी म्हणायची, "आम्ही आहोत ना!" मग तिसऱ्या वेळी काका सुस्कारा सोडायचे आणि हार गळ्यात पडायचा. ही रीत आहे! एकदम 'हो' म्हणणारा माणूस हावरट दिसतो. मी दोनदा नकार देणार होतो आणि तिसऱ्यांदा पाघळणार होतो. सुस्कारासुद्धा तयार होता.

"शाडं," फ्राऊ सायफर्ट म्हणाल्या. म्हणजे वाईट वाटलं. "पण तुमचा निर्णय आम्हाला मान्य आहे." आणि त्यांनी कागदावर माझ्या नावापुढे एक सुरेख रेघ मारली.

मी उभाच! आग्रहाची वाट बघत. कुणीतरी म्हणेल, "अहो हेर शेंडे, असं काय करता!" कुणी एक शब्द काढेल तर शपथ! माना परत बुटांकडे.

"तशी... सगळ्यांची फारच इच्छा असेल तर..." मी घुटमळत म्हणालो.

"नाही, नाही," फ्राऊ सायफर्ट मायेनं म्हणाल्या. "इथे कुणावर दबाव आणायचा नसतो. बसा तुम्ही, हेर शेंडे."

बसलो. काय करणार!

"फ्राऊ वीडेमान, हेर शेंडे यांनी तुमचं नाव सुचवलं आहे."

फ्राऊ वीडेमाननं माझ्याकडे असं पाहिलं की हातातली चकली मऊ पडावी. मग ती म्हणाली, "आल्झो गुट. कुणीतरी करायलाच हवं." आल्झो गुट म्हणजे ठीक तर मग. हात वर करून मतदान झालं. सगळे हात वर गेले. इतके जोरात, की त्या गडबडीत माझाही गेला! मी स्वतःच्या पाडावाला स्वतः मत देऊन मोकळा झालो.

पण थांबा, एवढ्यावर भागलं नाही. फ्राऊ लांगेनं वही उघडली. "प्रतिनिधी बदलला तरी हेर शेंडे यांनी दिलेली आश्वासनं इतिवृत्तात घ्यावीत."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, हेर ब्रांट म्हणाले, आणि त्यांनीही कागद काढला. बघता बघता एकोणीस कागद निघाले! फ्राऊ वीडेमाननं ते गोळा केले, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "संडासांची रंगरंगोटी: शेंडे. फाटकापाशी गाड्या बंद करणे: शेंडे. फाटकापाशी गाड्या थांबू देणे: शेंडे. बुडालेले गणिताचे तास: शेंडे." ती थांबली. "हेर शेंडे, हे तुम्ही खरंच म्हणालात?"

वाईत असतो तर म्हणालो असतो, विरोधकांचा डाव आहे. इथे एकवीस प्रामाणिक चेहरे माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली.

घरी आलो. शमिका दारातच उभी. "झालास?"

"नाही."

"कुणी पाडलं?"

"मीच."

तिला सगळं सांगितलं. आधी ती हसून हसून सोफ्यावरून खाली घसरली. मग माझा चेहरा बघून उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. आत उर्जा झोपली होती. मला वाटलं, मेली खोली, गेला वर्ग! माझ्या एका 'नको'पायी आई आणि उर्जा तशाच राहणार, एक पडद्याच्या अलीकडे आणि एक पलीकडे. इतकं वाईट मला नोकरीतला पहिला प्रोजेक्ट बुडाला तेव्हाही वाटलं नव्हतं.

दत्तात्रयला फोन केला. तो म्हणाला, "दादा, अनुभव महत्त्वाचा."

मग पुढचे दोन महिने मी काय केलं ते विचारू नका. विचारलंतच तर सांगतो. दोन शनिवार मुलांच्या संडासात उकिडवा बसून भिंतींना फिकट हिरवा रंग दिला. नगरपालिकेची परवानगी फ्राऊ वीडेमाननं आणली, ब्रश मी आणले. रोज सकाळी साडेसातला पिवळं जाकीट घालून शाळेच्या फाटकावर उभा राहिलो. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी गाड्या अडवायच्या, कारण ब्रांटना शब्द दिला होता. मंगळवारी आणि गुरुवारी त्याच गाड्या हात दाखवून आत घ्यायच्या, कारण यिल्दिझना शब्द दिला होता! ऑफिसात माझा बॉस म्हणाला, "शेंडे, तुला आज फाटकावर पाहिलं. तू नोकरी बदललीस का?"

नोव्हेंबरात एके संध्याकाळी फ्राऊ वीडेमान यादी घेऊन घरी आली. आधी वेळ ठरवून, अर्थात. "सगळे मुद्दे मार्गी लागले. पण सगळ्यांच्या घरी तुम्ही त्यांची अडचण विचारलीत. तुमची स्वतःची अडचण कुठेच लिहिलेली नाही."

आता 'छे छे, माझं काय' असं ओठांवर आलं होतं. शमिकानं टेबलाखालून अशी लाथ मारली की मी एका दमात सगळं सांगून टाकलं. खोली, वर्ग, उर्जा, वाई, आईचे गुडघे, सगळं.

ती शांतपणे लिहून घेत होती. मग म्हणाली, "खोलीसाठी किमान दहा जणांची नोंद लागते. तुमच्याकडे किती मुलं आहेत?"

"गावातली सगळी मराठी मुलं धरून नऊ."

"दहावं नाव माझं लिहा."

"वा! नुसतं नाव बरं का, यायची काही गरज नाही!" मी उपकाराच्या भरात म्हणालो.

तिचा चेहरा लाल झाला. "हेर शेंडे, माझं नाव यादीत असेल तर मी येणार." झालं! तिसऱ्या दिवशी खोलीची किल्ली हातात. तीन आठवडे चकल्या वाटून मला जे जमलं नाही ते त्या बाईनं सहा ओळींच्या मेलमध्ये केलं.

वर्ग सुरू झाला. शिकवायला मीच. दीड तास मी बोलत असे. गोष्टी, म्हणी, आमच्या घाटावरचा महापूर, काकांचं गणेश मंडळ. आठ पोरं खिडकीबाहेर बघत. उर्जा मागच्या बाकावर घोडे काढत बसे, आणि काही विचारलं तर "वाइस निश्ट." मला माहीत नाही! आणि पहिल्या बाकावर फ्राऊ वीडेमान, रंगीत कप्प्यांची वही, तीन पेन्सिली, गृहपाठ पूर्ण! दर शुक्रवारी मी आशेनं जायचो आणि माझ्या लेकीच्या तोंडून एक शब्द न ऐकता परत यायचो. खोली मिळाली होती, फळा होता, खडू होता. जे हवं होतं तेच तेवढं येत नव्हतं. ट्रामच्या थांब्यावर तिचा हात हातात धरून उभा असताना वाटायचं, ही माझ्या इतकी जवळ आहे आणि मला हिची इतकी आठवण का येते?

फेब्रुवारीत फ्राऊ वीडेमान म्हणाली, "मला सराव हवा. जिला जर्मन अजिबात येत नाही अशा कुणाशी तरी."

"आमची आई!" मी म्हणालो.

रविवारी ती आली. केक, वही, पेन्सिली. मी फोन लावला. आई नेहमीसारखी पावडर लावून हजर. उर्जा जमिनीवर ठोकळे जोडत बसली होती. मी प्रस्तावना करायला तोंड उघडलं, तर फ्राऊ वीडेमाननं ट्रॅफिक पोलिसासारखा तळहात दाखवला. "हेर शेंडे, बिटं. मी." म्हणजे कृपया, मी बोलते.

आणि पडद्याकडे वळून, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, "नमस्कार, आजी. मी गुद्रुन. तुम्ही जेवलात का? तुमचे गुडघे कसे आहेत?"

आईचा चष्माच खाली आला! "अगं बाई! अगं बाई! बरे आहेत गं. थंडीत जरा धरतात. तू जेवलीस का?"

"मी केक खाल्ला. तुम्ही लहान होता, तेव्हा काय खेळत होता?"

आई बोलायला लागली. सागरगोटे, घाटावरचं पोहणं, शेजारच्या बाईंच्या चिंचा चोरल्या त्याची गोष्ट. फ्राऊ वीडेमानला त्यातलं निम्मंसुद्धा कळत नव्हतं, पण ती "हो, आजी" आणि "मग काय झालं?" असं विचारत होती, आणि आई फुलत होती. दोनदा मी मध्ये तोंड घालायला गेलो, दोनदा तळहात! आमच्या घरात वीस मिनिटं मी गप्प होतो. शमिकानं कॅलेंडरवर खूण केली म्हणे.

"नागेश, ही बाई म्हणजे सोनं आहे रे!" आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला आजी म्हणते, माझं सगळं ऐकून घेते. म्हणजे माझी नातच की ही! हिला दर रविवारी बसव."

ठोकळे कोसळल्याचा आवाज आला. उर्जा उठली. ती फ्राऊ वीडेमानच्या आणि मोबाइलच्या मध्ये कोपर घालून घुसली. गाल लाल, नाकपुड्या फुगलेल्या.

"नाही!" ती म्हणाली. "आजी, ही तुझी नात नाही. मी आहे."

मराठीत! अख्खं वाक्य!

"काय म्हणाली?" आईनं कानामागे हात धरला. "नागेश, काय म्हणाली ती?"

मी तोंड उघडलं. तळहात आला, पण त्याची गरजच नव्हती. उर्जा पडद्याच्या अगदी जवळ गेली आणि ओरडली, "मी नात आहे! मी! ही पाउलची आई आहे!"

आई पलीकडे पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अगं, तुला बोलता येतं की! छान येतं! मग इतकी वर्षं माझ्याशी का गं नाही बोललीस?"

उर्जानं विचार केला. अगदी मनापासून विचार केला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबाच बोलतो ना सारखा."

आता ह्यावर मला माझी बाजू मांडायची होती. मुद्दे तयार होते, सहा-सात तरी! पण आई तिकडे "पुढे सांग, पुढे सांग" म्हणत होती, उर्जा अडखळत, मध्येच एखादा जर्मन शब्द घुसडत तिला घोड्यांबद्दल काहीतरी सांगत होती, आणि आईला न कळलेला तो शब्द समजावून सांगायलासुद्धा तिनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. हातांनी घोडा करून दाखवला. मी केक कापला, सगळ्यांच्या बशा भरल्या आणि बाजूला उभा राहिलो. माझ्यावाचून कुणाचंच काही अडत नव्हतं.